'चेक' म्हणजे दर वेळी तपासणे नव्हे : चेकनट, चेक व्हॉल्व्ह, चेक रेल, चेक डॅम

शब्दगाठ (धागाकर्ता)

शेतीपंप, कंप्रेसर, सायकली यांच्या पुस्तिका आता मराठीत मिळू लागल्या आहेत. पण त्या उघडल्या की 'तपासणी झडप', 'तपासणी नट', 'तपासणी धरण' असली रत्ने सापडतात. भाषांतर करणाऱ्याने (किंवा करणाऱ्या यंत्राने) 'चेक'चा शाळेत शिकलेला अर्थ उचलला आणि चिकटवून दिला. चेक व्हॉल्व्ह काहीही तपासत नाही. तो पाणी मागे येऊ देत नाही, बस्स. चेकनटही काही तपासत नाही.

या इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थ अडवणे, थोपवणे, आवरणे असा आहे. तपासण्याचा अर्थ त्यातून पुढे निघाला. कारखान्यात, रुळांवर, नाल्यात जुनाच अर्थ टिकून आहे. ज्यांचा या वस्तूंशी रोजचा संबंध आहे त्यांनी इथे लिहावे : आपल्या कामात हा 'चेक' नेमके काय अडवतो, कसा बसवतात, कुठे बिघडतो आणि लोक त्याला काय म्हणतात. निव्वळ शब्दकोशातले अर्थ नकोत, ते सगळ्यांना सापडतात.

घोडा_अडीच

उगमापुरते मी लिहितो, कारण तो आमच्या पटावरचा आहे. फारसी 'शाह' म्हणजे राजा. तो शब्द अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत 'चेक' झाला. तोच शब्द फारसीतून सरळ आपल्याकडे आला तो 'शह'. म्हणजे 'शह' आणि 'चेक' सख्खे भाऊ, आणि 'चेकमेट' म्हणजे आपले 'शहमात'. राजाला शह बसला की बाकीचे बेत गुंडाळून आधी त्याचे बघावे लागते. त्यावरून 'एकाएकी थांबवणे', मग 'लगाम घालणे', मग 'यादीशी ताडून लबाडी रोखणे' आणि शेवटी 'तपासणे', अशी ही वाट आहे.

शहाला उत्तरे तीनच : राजा हलवा, शह देणारे मोहरे मारा, किंवा मध्ये मोहरे घाला. घोड्याच्या शहात तिसरे उत्तर नाही. दुहेरी शहात शह देणारी दोन्ही मोहरी एकदम मारता येत नाहीत की अडवता येत नाहीत, त्यामुळे राजा हलवण्यावाचून गत्यंतर नसते. तोंडाने 'शह' म्हणणे फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांत सक्तीचे नाही. प्रतिस्पर्ध्याने म्हटले नाही आणि तुम्ही शह न पाहता दुसरीच चाल करून घड्याळ दाबलेत, तर ती बेकायदा चाल धरतात. क्लासिकल डावात पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटे जादा मिळतात, दुसऱ्या वेळी डाव जातो. आणखी एक गैरसमज : 'सततचा शह म्हणून बरोबरी' असा वेगळा नियम नाही. एकच स्थिती तीनदा आली, किंवा दोघांनी मान्य केले, म्हणून ती बरोबरी होते.

लेथमास्तर

चेकनटाबद्दल. शॉपफ्लोअरवर याला सगळे चेकनटच म्हणतात, कोणी लॉकनट म्हणतात. काम एकच : मुख्य नट कंपनाने उलटा फिरू न देणे. एका बोल्टवर दोन नट एकमेकांवर दाबून बसवले की त्या दोघांमधला बोल्टचा तुकडा ताणला जातो. दोन्ही नट आट्यांच्या विरुद्ध बाजूंना दाबून बसतात. त्यामुळे बाहेरचा भार हलला तरी आट्यांमधली मोकळीक उघडत नाही.

आता ज्यावर दर कारखान्यात वाद होतो ते. पातळ नट खाली की वर? बरोबर उत्तर : पातळ नट खाली, जोडाला लागून, आणि जाड नट वर. कारण वरचा नट घट्ट आवळला की बोल्ट वर खेचला जातो, खालच्या नटावरचा ताण उतरतो आणि सगळा भार वरचा नट घेतो. भार घेणाऱ्याला आटे जास्त हवेत. एम-१२ मध्ये, म्हणजे १२ मिमी व्यासाच्या बोल्टला, साधा नट १०.८ मिमी उंच असतो आणि पातळ नट ६ मिमी. पिच (दोन आट्यांमधले अंतर) १.७५ मिमी धरला तर पातळ नटात साडेतीन आटेही पुरते बसत नाहीत. त्याच्यावर पूर्ण भार टाकला तर आटे सोलतात.

क्रम असा :

आधी पातळ नट लावा आणि पूर्ण टॉर्कच्या (आवळण्याच्या पिळाच्या) साधारण पाव ते निम्म्यापर्यंत आवळा. ८.८ ग्रेडच्या एम-१२ बोल्टला पूर्ण टॉर्क ८० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे पातळ नटाला २० ते ४०. मग जाड नट हाताने खाली टेकवा. पातळ नट पान्याने धरून ठेवा, तो हलता कामा नये, आणि जाड नट पूर्ण टॉर्कला आवळा. वर निदान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

खालचा नट धरला नाही तर दोन्ही नट एकत्र फिरतात. वरून घट्ट वाटते, पण एकमेकांवर ते दाबलेलेच नसतात. असा जोड आठवड्याभरात सैल होतो आणि मग दोष चेकनटाला.

पाना_सतरा

मास्तर, पण जुन्या मशीनवर पातळ नट वरच दिसतो. ते सगळे चुकीचे?

लेथमास्तर

भार कमी असेल तर चालून जाते. पातळ नट वर ठेवण्याचे खरे कारण पान्यात आहे. खालचा नट ६ मिमीचा असला की नेहमीच्या पान्याचे तोंड त्यात मावत नाही, वरच्या नटालाही लागते. त्यासाठी पातळ तोंडाचा पाना लागतो आणि तो टूलबॉक्समध्ये क्वचितच असतो. म्हणून फिटर सोयीने जाड खाली, पातळ वर करतो. दोन्ही नट पूर्ण जाडीचे वापरले तर हा प्रश्नच मिटतो. जागा असेल तर मी तेच सांगेन.

स्प्रिंग वॉशरवर मात्र फार विसंबू नका. बोल्टच्या आडव्या दिशेने जोड सरकत राहिला तर नट आपोआप कसा सुटतो हे गेरहार्ड युंकरने १९६९ मध्ये दाखवून दिले. त्याच पद्धतीच्या यंत्रावर आजही लॉकिंगच्या वस्तू तपासतात आणि त्या चाचणीत स्प्रिंग वॉशर फार तग धरत नाही. ताण पुरेसा ठेवणे हा पहिला उपाय, बाकीचे नंतर.

पॅडलपंप

सायकलवाल्यांसाठी पुरवणी. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, कोन (शंकूच्या तोंडाचा नट) आणि त्यामागे चेकनट असतो. कोन बेअरिंगच्या छर्‍यांना नीट टेकवला, हाताने चाक गुळगुळीत फिरतेय, आता चेकनट आवळला, की चाक जड! कारण चेकनट आवळताना कोन आट्यांमधल्या मोकळिकीएवढा आत ढकलला जातो. म्हणून कोनाला आधी अगदी किंचित खेळ ठेवायचा, रिम हातात धरून हलवल्यावर जेमतेम जाणवेल इतका. मग कोन कोनपान्याने धरून ठेवायचा (सहसा पुढे १३, मागे १५ मिमी, जाडी दोन मिमीच्या आसपास) आणि चेकनट आवळायचा. खेळ नाहीसा झाला आणि फिरणे मऊ राहिले तर जमले. नाहीतर पुन्हा. दोन-तीनदा करावे लागते, त्यात काही कमीपणा नाही. जास्त आवळून तसेच चालवले तर कोनाच्या वाटेवर खड्डे पडतात, आणि खड्डे पडलेला कोन कितीही जुळवला तरी करकरतोच.

मोटरसायकलच्या टॅपेटलाही (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट जुळवण्याच्या स्क्रूलाही) हेच. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फटीत ठेवूनच चेकनट आवळा, आवळून झाल्यावर पुन्हा गेज सरकवून बघा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो आणि फट बदलते. इंजिन थंड असताना, आणि आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतला.

शब्दगाठ

हे हवे होते! मग 'चेकनट'ला मराठी काय म्हणायचे? 'अडनट'?

लेथमास्तर

चेकनटच म्हणा. लेथवरचा पोरगा 'अडनट' मागायला गेला तर स्टोअरवाला त्याला हसेल.

नळजोड

आता माझा विषय. दुकानात 'चेक व्हॉल्व्ह' मागा की 'एनआरव्ही' (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) मागा, वस्तू तीच. विहिरीत सक्शनच्या टोकाला बसतो तो फूट व्हॉल्व्ह, म्हणजे खाली जाळी लावलेला चेक व्हॉल्व्हच. पुस्तिकेत 'एकदिशा झडप' लिहिले तर शेतकऱ्याला कळते.

प्रकार मुख्य दोन. झुलत्या पडद्याचा, म्हणजे बिजागरीवर लोंबणारी पाकळी, आणि स्प्रिंगचा. पडद्याच्या व्हॉल्व्हमध्ये पाण्याला अडथळा कमी, पण बंद व्हायला वेळ लागतो. पंप बंद झाला की वर चढलेले पाणी थांबते, उलटे फिरते आणि मग पाकळीला सोबत घेऊन धाडकन आपटते. सोसायटीत मोटर बंद होताना भिंतीत 'ठक्क' होते ते हेच. त्या धक्क्याचा ढोबळ हिशोब असा : पाइपमधला दाबाच्या लाटेचा वेग गुणिले उलट्या पाण्याचा वेग, भागिले ९.८. लोखंडी पाइपात लाट सेकंदाला हजार-बाराशे मीटरने पळते. १,२०० धरा. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने उलटे येत असताना पाकळी एकदम मिटली, तर १२० मीटर पाण्याच्या उंचीएवढा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोचा झटका, आणि तो नेहमीच्या दाबाच्या वर. पीव्हीसीत लाट बरीच हळू असते. ४०० धरले तर झटका ४ किलोचा. पण ६ किलो वर्गाचा पाइप आणि आधीच ३ किलोचा स्थिर दाब असेल तर बेरीज ७ होते. जोड सुटतो तो इथे, आणि लोक पाइप चिकटवायच्या सोल्युशनला दोष देतात.

स्प्रिंगचा व्हॉल्व्ह प्रवाह मंदावतानाच मिटायला लागतो, पाणी उलटायच्या आत. म्हणून उंच चढाच्या पाइपलाइनला तो बरा. किंमत म्हणून थोडा दाब कायमचा खर्च होतो.

बसवताना :

पंप, मग चेक व्हॉल्व्ह, मग गेट व्हॉल्व्ह, हाच क्रम. उलट केले तर चेक व्हॉल्व्ह उघडायला अख्खी पाइपलाइन रिकामी करावी लागते. अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने. पडद्याचा व्हॉल्व्ह आडव्या पाइपात चालतो आणि उभ्या पाइपात फक्त पाणी वर जात असेल तरच. पाणी खाली येणाऱ्या पाइपात पाकळी वजनाने उघडीच लोंबते. पंपाच्या तोंडाला किंवा बेंडला अगदी चिकटवू नका, मध्ये पाइपाच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ तुकडा ठेवा. नाहीतर घुसळणाऱ्या पाण्यात पाकळी फडफडत राहते आणि पिन झिजते.

काळी_जमीन

मोनोब्लॉक पंप रोज सकाळी पाणी सोडलेला असतो, दर वेळी भरावा लागतो. फूट व्हॉल्व्ह बदलला तरी तेच. काय पहावे?

नळजोड

दादा, आधी गळती कुठली ते ओळखा. मोटर बंद असताना प्रायमिंगच्या (पंपात पाणी भरायच्या) तोंडातून काठोकाठ पाणी भरा आणि तोंड उघडे ठेवून दहा मिनिटे बघा. पातळी उतरतेय पण सक्शनच्या पाइपावर कुठेही थेंब नाही, तर फूट व्हॉल्व्हच. जाळीतून काडी किंवा शेवाळ जाऊन वॉशरखाली अडकते, नवीन व्हॉल्व्हमध्येही पहिल्याच दिवशी अडकू शकते. तळाच्या गाळापासून निदान दीड-दोन फूट वर ठेवा. पण पाइपावर एखाद्या जोडाला थेंब दिसला तर दोष त्या जोडाचा आहे. तो जोड मोटर चालू असताना थेंब दाखवणार नाही, कारण तेव्हा आत ओढ असते. पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि डिलिव्हरीला पाणी फसफसत येते. जुळवणी करताना चालू मोटरवर जोड तपासणारे इथेच फसतात.

तिसरी शक्यता पंपाच्या ग्लँडची (दांड्याभोवतीच्या पॅकिंगची). तिथूनही हवा घेतो.

आणि सक्शनची उभी उंची सहा-सात मीटरच्या वर गेली असेल तर कुठलाही व्हॉल्व्ह तुम्हाला वाचवणार नाही, पंप खाली उतरवा.

तिसरा_मजला

अवांतर : सोलर वॉटर हीटरच्या थंड पाण्याच्या लाइनवर एनआरव्ही लावल्यापासून शॉवरला धारच नाही.

नळजोड

स्प्रिंगचा लावला असणार. गच्चीवरच्या टाकीची उंची हीटरपेक्षा दोन-तीन फूट जास्त. काही स्प्रिंगच्या व्हॉल्व्हना उघडायलाच अर्धा मीटर उंचीचे पाणी लागते, मग धारेला उरले काय? हलक्या पाकळीचा लावा, आडव्या पाइपात. आणि हीटरच्या हवेच्या नळीला, ती जी वर उघडी सोडलेली असते तिला, कधीही बूच मारू नका. चेक व्हॉल्व्हमुळे तापून फुगलेल्या पाण्याची मागची वाट बंद झालेली असते, ती नळीच एक वाट उरते.

रूळसोबती

रेल्वेत 'चेक रेल' म्हणजे चाकाला आवरणारा जादा रूळ. मुख्य रुळाच्या आतल्या बाजूला, समांतर, थोडी फट ठेवून. तीन ठिकाणी दिसतो : तीव्र वळणावर, काट्यावर क्रॉसिंगच्या नाकासमोर (दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या टोकासमोर) आणि फाटकात.

वळणाचे सांगतो. गाडी वळणावर गेली की बाहेरच्या चाकाची कड बाहेरच्या रुळाला घासते. वळण तीव्र असेल तर ती कड रुळावर चढायला बघते. आतल्या रुळाशेजारी चेक रेल असला की आतल्या चाकाची पाठ त्याला टेकते आणि अख्खी जोडी तिथेच रोखली जाते, कारण दोन्ही चाके एकाच धुऱ्यावर दाबून बसवलेली असतात. ब्रॉडगेजला रुळांमधले अंतर १,६७६ मिमी आणि चाकांच्या पाठींमधले १,६०० मिमी, हे गणित ध्यानात ठेवले की बाकी सगळे समजते. भारतीय रेल्वेत २१८ मीटर किंवा त्याहून कमी त्रिज्येच्या ब्रॉडगेज वळणाला चेक रेल लागतो, फट कमीत कमी ४४ मिमी. वळणावर गेज (रुळांमधले अंतर) सैल ठेवला असेल तर फटही त्या प्रमाणात वाढवतात.

काट्यावर काम वेगळे. क्रॉसिंगच्या नाकाजवळ रुळात तुटक जागा असते. तिथे चाक चुकीच्या बाजूला गेले तर गाडी घसरलीच. समोरच्या रुळाजवळचा चेक रेल दुसऱ्या चाकाची पाठ धरतो आणि नाकावरचे चाक योग्य फटीत जाते. तो झिजला की पहिला फटका नाकाला बसतो : टोक चेपते, चकाकते, तुकडे उडतात. नाक सारखे बिघडत असेल तर आधी समोरचा चेक रेल मोजा.

फाटकात फट ५१ ते ५७ मिमी. तिथे चेक रेल रस्त्याचा भराव रुळापासून दूर ठेवतो, चाकाच्या कडेला मोकळी वाट राहते. त्यात खडी, चिखल, उसाच्या गाडीतून पडलेला कचरा घट्ट बसला तर कड उचलली जाते. म्हणून ती फट खरवडून मोकळी ठेवणे हे तिथले कायमचे काम.

पुलावर दोन्ही रुळांच्या आत जे रूळ दिसतात ते गार्ड रेल, चेक रेल नव्हेत. त्यांची फट कितीतरी मोठी असते. गाडी घसरल्यावर ती पुलाबाहेर जाऊ नये यासाठी ते असतात. एक घसरण्याआधीचा, दुसरा घसरल्यानंतरचा. बातम्यांमध्ये दोन्हींची खिचडी असते.

डेकवरून

जहाजावर हे क्रियापद जरा वेगळे वागते, म्हणून लिहितो. जहाज धक्क्याला लावताना दोर 'चेक' करा असा हुकूम आला तर दोर पक्का अडवायचा नसतो. ताण कायम ठेवून तो थोडा थोडा सुटू द्यायचा असतो. एकदम धरला तर हजारो टनांचे जहाज त्याला तोडेल, एकदम सोडला तर जहाज थांबणार नाही. बिटाच्या (डेकवरच्या दोर बांधायच्या जोडखांबांच्या) खांबांवर दोराचे एक-दोन पूर्ण वेढे आणि वर आठच्या आकड्याचे वेढे असतात. आठचे वेढे कमी करत आणले की घर्षण कमी होते आणि दोर सरकू लागतो.

इथे काय चुकते? नायलॉनसारखे दोर घर्षणाने तापून वितळतात, वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग झटक्याने सुटतात. ताणलेला दोर तुटला की टोक ज्या रेषेत परत येते तिथे उभा असलेला माणूस वाचत नाही. सरळ दोरात ती रेषा दोराचीच असते, पण दोर एखाद्या रोलरवरून वळवला असेल तर धोक्याचा पट्टा पंख्यासारखा पसरतो. वेढ्यांच्या जवळ हात नेऊन दोर सोडू नये, निदान मीटरभर मागे धरावे. दोराच्या वेटोळ्यात पाय तर कधीच नको.

भाषांतर 'दाबून सोडा'. 'थांबवा' लिहिले तर अपघात होईल.

माथा_ते_पायथा

चेक डॅमवर लिहायलाच हवे, कारण सरकारी कागदांत, बातम्यांत आणि देणग्यांच्या फलकांवर हा शब्द कशालाही लावतात.

काळी_जमीन

आम्ही तर सगळ्यालाच बंधारा म्हणतो. त्यात काय एवढे?

माथा_ते_पायथा

फरक आहे भाऊ. काही बांध पाणी साठवतात आणि काही फक्त पाण्याचा वेग मोडतात. दुसऱ्या प्रकाराकडून साठ्याची अपेक्षा केली की 'बंधारा फसला' अशी ओरड होते, आणि तो तर आपले काम नीट करत असतो.

वेग मोडणारा म्हणजे अनघड दगडी बांध. सिमेंट नाही, माती नाही, नुसते रचलेले दगड. माथ्याकडच्या छोट्या ओघळींत. उंची एक मीटरच्या आत. अंतराचा नियम सोपा : खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. म्हणजे उंची भागिले ओघळीचा उतार. बांध ०.९ मीटर आणि उतार ५ टक्के असेल तर अंतर १८ मीटर. उतार ३ टक्के असेल तर ३० मीटर. यापेक्षा लांब टाकले तर मधला पट्टा उघडा राहून खणला जातो. जवळ टाकले तर दगड आणि मजुरी वाया.

बांधणी : पाया ३० सेंटिमीटर खोदून घ्या, दोन्ही काठांत बांध अर्धा मीटर घुसवा. वरच्या बाजूचा उतार एकास एक चालतो, खालची बाजू लांब ठेवा, एकास दोन ते एकास तीन. मोठे दगड खालच्या उतारावर आणि माथ्यावर, लहान दगड पोटात. मधोमध माथा काठांपेक्षा फूटभर खोलगट. हा खोलगटपणा गवंडी हटकून विसरतात, कारण त्यांच्या डोळ्याला सपाट माथा देखणा दिसतो. सपाट माथ्यावरून पाणी काठाशी जाते, काठ कोरते, आणि पहिल्या मोठ्या पावसात बांध जागेवर राहून ओघळ बगलेने निघून जाते.

जागा सरळ आणि अरुंद निवडा, वळणावर नको. आणि दगड त्याच ओघळीच्या तळातून उपटू नका. तळाला घट्ट बसलेला दगड स्वतःच वेग मोडत असतो. तो काढून चार हात खाली रचायचा म्हणजे काम केल्याचा देखावा.

दोन पावसाळ्यांत बांधामागे गाळ भरतो. भरू द्या, त्यासाठीच तो आहे. उतार कमी झाला, गवत धरले की झाले.

साठवणारे वेगळे : सिमेंट नाला बांध, माती नाला बांध, आणि कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. शेवटच्याचे मर्म बरग्यांत, म्हणजे खांबांमधल्या काढघाल करता येणाऱ्या फळ्यांत आहे. पावसाळ्यात ते काढलेले असतात, पूर गाळासकट निघून जातो. पावसाचा जोर ओसरला की बरगे बसवायचे आणि मागच्या पाण्यावर रब्बी काढायची. उशिरा बसवले तर अडवायला पाणी उरत नाही, लवकर बसवले आणि परतीचा पाऊस झोडपून गेला तर पाणी काठाच्या शेतात घुसते. बरगे चोरीला जाणे, वाकणे, रबर कुजून झिरपणे ही जुनी दुखणी. तरी बंधारा चांगला की वाईट हे काँक्रीटवर कमी आणि बरगे वेळेवर कोण टाकतो यावर जास्त ठरते, असे माझे मत.

घोडा_अडीच

+१. वाचनखूण साठवली.

शब्दगाठ

मग 'चेक डॅम'ला वेग मोडणाऱ्यासाठी 'अनघड बांध' आणि साठवणाऱ्यासाठी 'बंधारा' असे दोन शब्द ठेवतो. बँकेच्या चेकचे काय? तोही अडवणाराच?

खतावणी

मुळात हो. आधी 'चेक' म्हणत ते पावतीच्या मागे राहणाऱ्या अर्ध्या तुकड्याला, ज्याच्याशी ताडून अफरातफर रोखता येई. पुढे ते नाव पुढच्या कागदाला लागले. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये शेवटी जे 'क्यू-यू-ई' आले ते 'एक्सचेकर'च्या वळणाने, आणि एक्सचेकर म्हणजे चौकटींचे कापड अंथरलेले हिशोबाचे टेबल. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल त्यावर सोंगट्या मांडून मोजत. म्हणजे तिथेही बुद्धिबळाचा पट आलाच. चौकडीच्या कापडाला 'चेक्स' म्हणतात तेही त्यामुळेच.

आजच्या चेकवर अडवणारी गोष्ट म्हणजे दोन तिरक्या रेघा. नुसत्या रेघा मारल्या तर पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जातात. मध्ये 'अकाउंट पेयी' लिहिले तर ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात. 'किंवा धारकास' खोडायला विसरू नका. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम १८८१चे कलम १३८ : बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. यातला एक टप्पा हुकला की बाजू खरी असूनही खटला लंगडा होतो.

सुतारपक्षी

लाकडातही 'चेक' असतो, पण तो अडवत नाही. वाळताना ओंडक्याच्या टोकाला पडणाऱ्या भेगांना म्हणतात. टोके मधल्या भागापेक्षा लवकर वाळतात म्हणून. कापल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. तपासणी-भेग लिहू नका, एवढेच.

तिसरा_मजला

'डोअर चेक' राहिले की! आमच्या सोसायटीत दार आपटते त्याला वॉचमन 'डोअर चेक खराब' म्हणतो.

सुतारपक्षी

हो, डोअर क्लोजरचे जुने नाव. खराब नसेल, स्क्रू जुळवायचे असतील. अंगावर सहसा दोन छोटे स्क्रू दिसतात. एक मुख्य झाकण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या दहा-पंधरा अंशांचा, जिथे कुलपाची जीभ बसते. दार आपटते तेव्हा बहुतेक दुसरा सैल असतो. दार ९० अंशांवरून जवळपास मिटायला पाचेक सेकंद लागावेत. स्क्रू एका वेळी आठवा हिस्साच फिरवा आणि दार दोनदा सोडून बघा. पूर्ण बाहेर काढलात तर आतले तेल गळते आणि मग खरेच नवा घ्यावा लागतो. अंगावर तेलाचा ओघळ आधीच दिसत असेल तर स्क्रूशी खेळू नका, सील गेले आहे.

काही मॉडेलांत तिसरा स्क्रूही असतो, त्याचे नाव बॅकचेक. वाऱ्याने किंवा ढकलून दार जोरात उघडले तर ७० अंशांच्या आसपास तो विरोध करू लागतो, म्हणजे दार भिंतीवर आदळत नाही. पण तो स्टॉपर नव्हे. त्याच्या जिवावर भिंतीवरचा रबरी अडसर काढून टाकलात तर दांडा वाकेल आणि फ्रेममधले स्क्रू उपटून येतील. लाकडी फ्रेम असेल तर आणखी लवकर.